तीन वर्षांचें अनुदान आणि बेटांची राखण

सेंट हेलेना हें नांव आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांना अपरिचित नाहीं. इंग्रजांनीं नेपोलियनला १८१५ सालीं जेथें नेऊन ठेवलें आणि १८२१ सालीं जेथें त्याचा अंत झाला, तें हें बेट, एवढें बहुतेकांस शाळेंतील इतिहासावरून ठाऊक असतें. सृष्टिशास्त्राच्या अभ्यासकांना मात्र तें निराळ्याच कारणानें ठाऊक आहे. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारें १,९०० किलोमीटर दूर, दक्षिण अटलांटिक महासागरांत, १२२ चौरस किलोमीटरांचा हा डोंगराळ तुकडा ज्वालामुखींतून वर आला आणि लक्षावधि वर्षें एकटाच राहिला. वाऱ्याबरोबर, लाटांबरोबर अगर पक्ष्यांच्या पायांना चिकटून जीं थोडीं बीजें व जे थोडे कीटक तेथें पोंचले, त्यांच्या वंशजांनीं काळाच्या ओघांत अशीं रूपें धारण केलीं कीं, तीं पृथ्वीच्या पाठीवर अन्यत्र कोठेंहि सांपडत नाहींत.

१५०२ सालीं पोर्तुगीज खलाशी या बेटावर आले. त्यांच्या मागून शेळ्या आल्या. १६५९ पासून ईस्ट इंडिया कंपनीनें तेथें वसाहत केली, आणि हिंदुस्थानांतून परतणारीं जहाजें पाणी व ताजें अन्न घेण्यासाठीं तेथें थांबूं लागलीं. शेळ्यांनीं कोंवळीं रोपें खाल्लीं, माणसांनीं सरपणासाठीं जुनीं झाडें तोडलीं, आणि जुन्याची जागा घेण्यास नवें उरलें नाहीं. एके काळीं ज्या माळाला 'महावन' म्हणत, तेथें पुढें उघडी, धुपलेली जमीन तेवढी राहिली. आपल्या अंगणांतील साळुंकीसुद्धां माणसानें तेथें नेऊन सोडली आणि ती आज तेथें उपद्रवी पक्ष्यांत गणली जाते. मोठ्या भूमीवर एखादी जाति एका रानांतून गेली तर दुसऱ्या रानांत तिचे वंशज सांपडतात. बेटावरील जाति गेली कीं ती जगांतूनच गेली.

सेंट हेलेना, असेन्शन व ट्रिस्टन दा कुन्हा मिळून ब्रिटनचा एक समुद्रापारचा प्रदेश होतो. असे प्रदेश एकंदर चौदा आहेत, आणि त्यांपैकीं बहुतेक लहानमोठीं बेटें आहेत. त्या सर्वांची लोकसंख्या सुमारें अडीच लाख, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम शहराएवढी. परंतु ब्रिटनच्या छत्राखालीं ज्या जीवजाति आहेत आणि ज्या जगांत इतरत्र आढळत नाहींत, त्यांपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक याच प्रदेशांत आहेत.

या ठेव्याची राखण करावयाची कोणीं, आणि तिचा खर्च सोसावयाचा कोणीं? कायद्याच्या दृष्टीनें पाहिलें तर निसर्गाची काळजी घेणें हें त्या त्या प्रदेशाच्या स्थानिक सरकारचें काम आहे. पण सेंट हेलेनाची वस्ति अवघी चार-साडेचार हजारांची. कर देणारे हात थोडे, आणि इस्पितळ, शाळा, रस्ते यांचा खर्च आधीं भागवावा लागतो. दुर्मिळ कीटकांची पाळी शेवटीं येते आणि पुष्कळदां येतच नाहीं. राष्ट्रांराष्ट्रांमधील निसर्गविषयक करारांवर सही असते ती ब्रिटनची. गरीब राष्ट्रांसाठीं काढलेले जागतिक निधि या प्रदेशांना बहुधा मिळत नाहींत, कारण ते स्वतंत्र राष्ट्रें नाहींत आणि ज्या देशाच्या छत्राखालीं ते आहेत तो श्रीमंत आहे. शिवाय लंडनच्या पार्लमेंटांत त्यांनीं निवडून दिलेला एकहि सभासद बसत नाहीं. ज्याच्या घरीं ठेवा त्याच्या पदरीं पैसा नाहीं. ज्याच्या पदरीं पैसा त्याच्या डोळ्यांपुढें ठेवा नाहीं, अशी ही अडचण आहे.

तिच्यांतून जी वाट निघाली ती अनुदानाची. अनुदान ही वस्तु शाळांच्या 'ग्रँटी'मुळें आपल्याकडे पुष्कळांच्या परिचयाची आहे. तें कर्ज नव्हे, कारण तें फेडावें लागत नाहीं. आणि तें निव्वळ दानहि नव्हे, कारण ठरलेलें काम ठरलेल्या मुदतींत करून दाखविण्याची अट त्याला जोडलेली असते. १९९२ सालीं रिओ दि जानेरो येथें भरलेल्या वसुंधरा परिषदेच्या वेळीं ब्रिटननें 'डार्विन इनिशिएटिव्ह' या नांवाचा निधि जाहीर केला. २००१ सालीं ब्रिटन आणि त्याचे प्रदेश यांच्यामध्यें पर्यावरणाच्या सनदा झाल्या व उभय पक्षांनीं आपापलीं कर्तव्यें लिहून मान्य केलीं. त्यानंतर या प्रदेशांसाठीं स्वतंत्र अनुदानयोजना निघाली, आणि २०१२ पासून तिची जागा 'डार्विन प्लस' या योजनेनें घेतली आहे. डार्विननें १८३६ सालीं 'बीगल' जहाजाच्या परतीच्या प्रवासांत सेंट हेलेना व असेन्शन हीं दोन्ही बेटें पाहिलीं होतीं. तेव्हां योजनेला दिलेलें नांव केवळ शोभेचें नाहीं.

अशा अनुदानाची रीत साधारणतः पुढीलप्रमाणें असते. सरकार अर्ज मागवितें. अर्ज करणारी संस्था कधीं बेटावरचीच असते, कधीं ब्रिटनमधील एखादें वनस्पति-उद्यान, विद्यापीठ किंवा पक्षिरक्षक मंडळ असतें. अर्जांत धोका कोणता, उपाय कोणता, माणसें किती, खर्च किती, आणि काम साधलें हें कशावरून ओळखावयाचें, हें सर्व लिहावें लागतें. ज्या प्रदेशांत काम करावयाचें त्या प्रदेशाच्या सरकारची संमति असावी लागते. जाणत्या लोकांची समिति अर्ज पारखते. मंजूर झालेली रक्कम टप्प्याटप्प्यानें मिळते. प्रगतीचे अहवाल वेळोवेळीं पाठवावे लागतात. मुदत बहुधा दोन-तीन वर्षांची. जनतेचा पैसा खर्च करतांना एवढी चौकशी हवीच. परंतु त्या शेवटच्या अटीकडे, म्हणजे मुदतीकडे, विशेष लक्ष दिलें पाहिजे. कारण या विषयाची सारी खोंच तेथें आहे.

थोडक्या मुदतींत मोठें काम होतें याचें उत्तम उदाहरण सेंट हेलेना येथेंच घडलें. गमवुड हा त्या बेटाचा राष्ट्रवृक्ष. मूळच्या रानांतलीं त्याचीं सुमारें अडीच हजार झाडें उरलीं होतीं. १९९१ सालीं या झाडांवर रस शोषणारी एक परकी कीड पडल्याचें आढळलें, आणि १९९३ पर्यंत निदान शंभर झाडें मेलीं. हीच गति राहिली असती तर राष्ट्रवृक्ष थोड्याच वर्षांत नामशेष झाला असता. ब्रिटिश सरकारच्या साह्यनिधींतून तज्ज्ञांना पैसा मिळाला. या किडीचा नैसर्गिक शत्रु म्हणजे एक बारीक ढालकिडा होता. तो केनियांत वाढवून, त्याच्या संवयी तपासून, १९९३ सालीं सेंट हेलेनावर सोडण्यांत आला. १९९५ पर्यंत किडीचें बळ इतकें ओसरलें कीं ढालकिडे वाढविण्याचें काम बंद करतां आलें. येथें अनुदान संपलें तरी काम संपलें नाहीं, कारण तें पुढें चालविणारा रखवालदार स्वतःच जन्म घेत होता आणि त्याला पगार लागत नव्हता.

सर्वच कामें अशीं सुदैवी नसतात. सेंट हेलेनाच्या वायव्येस असेन्शन नांवाचें रखरखीत बेट आहे. नेपोलियन सेंट हेलेनाला आला त्याच वर्षीं, १८१५ सालीं, इंग्रजांनीं खबरदारी म्हणून असेन्शनवर शिबंदी ठेवली. तिच्याबरोबर मांजरें आलीं. उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठीं आणलेल्या या मांजरांना जमिनीवर घरटीं करणारे समुद्रपक्षी अधिक सोपे सांपडले, आणि प्रचंड वसाहती मुख्य बेटावरून नाहींशा झाल्या. केवळ याच बेटापाशीं प्रजनन करणारा असेन्शन फ्रिगेट पक्षी किनाऱ्यालगतच्या एका खडकाळ बेटकुळीवर कसाबसा टिकून राहिला. २००१ सालीं ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यानें ५,००,००० पौंडांचें अनुदान मंजूर केलें. रानमांजरें हटविण्याचें काम २००४ पर्यंत चाललें, आणि २००६ सालीं बेट त्यांच्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. समुद्रपक्ष्यांच्या पांच जाति मुख्य बेटावर परतल्या. २०१२ सालीं फ्रिगेट पक्ष्यानेंहि तेथें पुन्हां घरटें केलें. दीडशेंहून अधिक वर्षांनीं हें घडत होतें.

तरी या यशाची दुसरी बाजू सांगितलीच पाहिजे. विषारी आमिषें आणि सापळे यांना रानमांजर कोणतें व घरचें मांजर कोणतें हें कळत नाहीं. बेटावरील पाळीव मांजरांपैकीं शेंकडा अडतीसांहून अधिक मांजरें या मोहिमेंत चुकून मेलीं आणि रहिवाशांत खळबळ उडाली. ज्यांच्या घरांतील जनावर गेलें त्यांना पक्षी परतल्याचा आनंद कितीसा वाटणार! शिवाय उंदीर बेटावर राहिलेच. त्याच बेटावर आपल्याकडे वेडी बाभूळ म्हणून ओळखलें जाणारें काटेरी झाड माळ व्यापीत चाललें आहे आणि हिरवीं कासवें जेथें अंडीं घालतात त्या वाळूपर्यंत पोंचत आहे. एक उपद्रव दूर करण्याची मुदत संपते, तों दुसरा दारांत उभा असतो.

बेटांवरील उंदरांच्या बाबतींत तर अर्धवट यश म्हणून कांहीं नसतेंच. एक जोडी उरली तरी कांहीं वर्षांत पूर्वस्थिति येते. प्रशांत महासागरांतील हेंडर्सन या निर्मनुष्य बेटावर ऑगस्ट २०११ मध्यें हेलिकॉप्टरांतून विषारी आमिष टाकण्यांत आलें. मार्च २०१२ मध्यें तेथें पुन्हां उंदीर दिसला. नंतरच्या तपासांत असें आढळलें कीं, तो बाहेरून आलेला नव्हता. मूळच्यांपैकींच थोडे बचावले होते. दक्षिण अटलांटिकमधील गॉफ बेटावर माणसाबरोबर आलेल्या घरगुती उंदरांच्या जातीनें घरच्यापेक्षां दीडपट मोठें शरीर कमावलें, आणि ते अल्बाट्रॉस या अजस्र पक्ष्याचीं पिल्लें जिवंतपणीं कुरतडूं लागले. तेथें २०२१ सालीं अशीच मोहीम झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत एक उंदीर दृष्टीस पडला. उलट साउथ जॉर्जिया या बर्फाळ बेटावर २०११, २०१३ व २०१५ अशा तीन टप्प्यांनीं काम झालें आणि मे २०१८ मध्यें तें बेट उंदीरमुक्त ठरलें. हिमनद्यांनीं त्या बेटाचे वेगवेगळे कप्पे पाडलेले होते आणि उंदरांना त्या ओलांडतां येत नव्हत्या. म्हणूनच एकेक कप्पा स्वच्छ करीत पुढें जातां आलें. त्या कामाचा सुमारें एक कोटि पौंडांचा खर्च मुख्यतः एका विश्वस्त संस्थेनें देणग्यांतून उभा केला.

या तीन उदाहरणांवरून अनुदान देणाराची अडचण ध्यानांत येईल. एखादी पाठशाळा अर्धी बांधून राहिली तर निदान अर्धे विद्यार्थी बसतात. येथें नव्याण्णव हिश्शांचें काम उत्तम झालें आणि एक हिस्सा राहिला, तर हिशेबाच्या वहींत शून्य मांडावें लागतें. म्हणून कित्येक जण विचारतात कीं, असा बेभरंवशाचा खर्च करावाच कां? याला एक उत्तर असें कीं, हेंडर्सनच्या अपयशानंतर उंदीर कां बचावले याचा जो कसून शोध झाला, तोहि या कामाच्या विद्येंत जमा झाला आहे. गॉफवर मोहिमेनंतरच्या पहिल्या हंगामांत पिल्लें जगण्याचें प्रमाण वाढलें, यावरून दोष कोणाचा होता हें निःसंशय ठरलें. अपयश प्रामाणिकपणें लिहून ठेवलें तर तें पुढच्याचें भांडवल होतें. झांकून ठेवलें तर तोच पैसा पुन्हां पाण्यांत जातो.

खरी गोम पैशाच्या आकड्यापेक्षां त्याच्या आयुष्यांत आहे. सेंट हेलेनावरील फ्लॅक्सची हकीकत या दृष्टीनें बोधप्रद आहे. आपल्याकडील घायपातासारख्या लांब पात्यांची ही न्यूझीलंडची वनस्पति दोरासाठीं तेथें लावण्यांत आली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत तिच्यावर बेटाचा मोठा धंदा चालला. पुढें ब्रिटिश टपाल खात्यानें कृत्रिम धाग्याचा दोर पत्करला आणि १९६६ सालीं तो धंदा बसला. गिरण्या थांबल्या, मजूर घरीं गेले. फ्लॅक्स मात्र थांबला नाहीं. तो डोंगरमाथ्यावर पसरत गेला आणि मूळच्या वृक्षांची, नेच्यांची व कीटकांची जागा त्यानें व्यापली. पैशाबरोबर जें आलें तें पैशाबरोबर परत गेलें नाहीं. आतां त्याला उपटावयाचें तर वर्षांमागून वर्षें खणावें लागतें, आणि मोकळ्या झालेल्या जागीं स्थानिक रोपें लावून त्यांची निंदणी करावी लागते. तीन वर्षांचें अनुदान मिळालें, माणसें शिकून तयार झालीं, उतार स्वच्छ झाला. आणि चौथ्या वर्षीं हातांत पैसा नसला, तर शिकलेलीं माणसें पोटासाठीं बेट सोडून जातात आणि उतारावर पुन्हां तेंच गवत माजतें. शेत नांगरून, पेरून, राखणीच्या वेळीं गड्याला निरोप द्यावा, तसेंच हें होतें.

या खेळांत हार झाली तर काय होतें, हेंहि त्याच बेटानें पाहिलें आहे. सेंट हेलेना ऑलिव्ह या झाडाचा रानांतील शेवटचा वृक्ष १९९४ सालीं मेला. त्याच्यापासून जोपासलेलें शेवटचें रोप २००३ सालीं वाळवी व बुरशी यांस बळी पडलें, आणि ती जात जगांतून गेली. याउलट सेंट हेलेना एबनी हें झाड कित्येक वर्षें नामशेष समजलें जात होतें. १९८० सालीं एका उभ्या कड्यावर त्याचीं दोन झुडपें जॉर्ज बेंजामिन हा बेटावरचा निसर्गरक्षक आणि क्वेंटिन क्रॉंक हा वनस्पतिशास्त्रज्ञ यांना दिसलीं. त्यांच्या फांद्यांपासून कलमें झालीं व आज त्याचीं हजारों रोपें आहेत. ऑलिव्हच्या बाबतींत मदत फार उशिरां आली. एबनी वांचला, कारण बेटावर आयुष्य काढलेली आणि त्या कड्यांची ओळख असलेली नजर त्या दिवशीं जागी होती. अशी नजर तीन वर्षांच्या करारानें तयार होत नाहीं.

माणसांच्या गरजा पुऱ्या झालेल्या नसतां किड्यामुंग्यांवर हा खर्च कशाला, असा आक्षेप साहजिक आहे. त्याला सेंट हेलेनाचें उत्तर सरळ आहे. बेटाच्या मध्यावरील डायना शिखर ८२३ मीटर उंच आहे. त्याच्या माथ्यावरचें मेघवन आतां थोड्याशा हेक्टरांवर तगून आहे. पण तें येणाऱ्या धुक्यांतील ओलावा पानांवर, शेवाळावर अडवितें आणि जमिनींत मुरवितें. बेटाच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा याच माथ्यावरून खालीं येतो. म्हणजे तेथें फ्लॅक्स उपटणारा माणूस एका दुर्मिळ नेच्याला जागा करून देतो आणि त्याच कुदळीनें खालच्या गांवाचें पाणीहि राखतो. २०१७ सालीं बेटावर नियमित विमान उतरूं लागलें, त्यानंतर हें रान पाहण्यास येणारा प्रवासी हीहि तेथील मिळकतीची आशा झाली आहे.

हळूहळू योजनांनाहि हा धडा उमगूं लागला आहे. २०२२ पासून 'डार्विन प्लस'मध्यें बेटांवरच राहणाऱ्या व्यक्तींना व संस्थांना लहान रकमा तुलनेनें सोप्या अर्जांवर देण्याची सोय झाली. बेटावरील तरुणांना शिकविण्यासाठीं शिष्यवृत्त्या ठेवल्या आहेत. बंदरावर आणि विमानतळावर येणाऱ्या मालांतून नवी कीड, नवें बी येऊं नये म्हणून तपासणी ठेवणें, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कमी वाहवा मिळणारा उपाय. त्यालाहि आतां पैसा मिळूं लागला आहे. मात्र एकाच दारावर विसंबणें धोक्याचें असतें. युरोपीय संघानें २०११ च्या सुमारास 'बेस्ट' नांवाची अशीच योजना आपल्या सभासद देशांच्या दूरच्या प्रदेशांसाठीं काढली होती, आणि ब्रिटनच्या बेटांनाहि तिचा लाभ मिळे. २०२० सालीं ब्रिटन त्या संघांतून बाहेर पडला आणि तें दार बंद झालें. त्या निर्णयाचा बेटांवरील पक्ष्यांशीं किंवा झाडांशीं कांहीं संबंध नव्हता; पण झळ त्यांनाहि पोंचली.

अनुदान ही पहिली पेरणी आहे. ती वेळेवर झाली नाहीं तर ऑलिव्हसारखें झाड हातचें जातें, म्हणून तिची किंमत थोडी नाहीं. पण पीक हातीं यावयाचें तर पेरणाऱ्याच्या मागें राखणारा लागतो. त्याला वर्षानुवर्षें मिळणारी थोडी परंतु निश्चित मजुरी लागते, आणि त्या मजुरीवर आपल्याच बेटावर संसार थाटण्याची सोय लागते. मोठ्या रकमेची घोषणा राजधानींत होते. तिचें फळ आलें कीं नाहीं, हें मात्र दहा वर्षांनीं डायना शिखराच्या उतारावर, धुक्यांत खुरपें घेऊन कोणी बसलेला आहे कीं नाहीं यावरून ठरतें.